तिसऱ्या पुस्तिकेतील दुरुस्ती

शिबॉयगन, विस्कॉन्सिन
३ मार्च

श्री. लॉइड टेन हाकेन यांस,

आपण 'दगडी फासा' पुरस्कारासाठी पाठविलेला 'बर्फातले दीपगृह' हा भूमिकाखेळ अंतिम फेरीत आला आहे. मंडळाच्या अध्यक्षा पाकू व्हँग यांचे रीतसर पत्र आपणास मिळेलच. हे पत्र माझे आहे. अंतिम फेरीतील प्रत्येक लेखकास मी माझ्या वाचनाची दुरुस्तीपत्रिका पाठवितो, हे आपणास आठवत असेल. पुरस्कार मिळो वा न मिळो, निदान मजकूर तरी निर्दोष व्हावा, एवढाच तिचा हेतू असतो. काही जण ती चौकटीत लावून ठेवतात. ग्रीन बेच्या एका गृहस्थांनी ती शेगडीत घातल्याचे मला आवर्जून कळविले होते. त्यांच्या त्या चार ओळींच्या पत्रातही दोन चुका होत्या.

अकरा वर्षांपूर्वी ज्या मंडळास आपण 'म्हाताऱ्यांचे वाचनालय' म्हणून सोडून गेलात, त्याच मंडळाकडे आपण आपला खेळ पाठवावा, याचे आश्चर्य वाटले. त्याविषयी अधिक लिहिणे परीक्षकाच्या मर्यादेत बसत नाही.

आता मजकुराविषयी. सुपीरियर सरोवराच्या काठचे दीपगृह, हिवाळ्यातील वादळ, दिवा विझलेला, जहाज आलेले नाही, आणि सकाळी चौकशी अधिकारी येणार. घरात चौघे आहेत: दीपपाल, त्याचा मदतनीस, त्याची बहीण आणि किनाऱ्यास लागलेला एक खलाशी. चार खेळाडूंनी ही चार माणसे व्हायचे, त्यांच्या तोंडून बोलायचे, आणि अधिकाऱ्यास काय सांगायचे ते उजाडण्यापूर्वी ठरवायचे. प्रत्येकास स्वतंत्र पुस्तिका, आणि प्रत्येकीत सत्याचा एक तुकडा. रचना उत्तम आहे. ती उत्तम आहे असे लिहिताना मी हात आखडता घेतलेला नाही, याची नोंद घ्यावी.

पहिल्या पुस्तिकेत वारा 'ईशान्येकडून' येतो आणि चौथ्या पुस्तिकेत तोच वारा 'वायव्येकडून' येतो. दोन्ही खरे असू शकत नाहीत. दुसऱ्या पुस्तिकेत मदतनिसाचे वय दोन ठिकाणी वेगळे आहे. फासे किती टाकावेत याची सूचना चारही पुस्तिकांत चार तऱ्हांनी लिहिली आहे. ती एकसारखी करावी. तिसऱ्या पुस्तिकेत, म्हणजे बहिणीच्या, "आधी कोट काढ, मग वाईट बातमी सांग" हे वाक्य तीनदा येते. पुनरुक्ती अनावश्यक आहे. शेवटचे ठेवून आधीची दोन काढावीत. मी ती लाल पेन्सिलीने खोडून दाखविली आहेत.

आपण हाताने शिवलेला एकच संच पाठविल्यामुळे तो आता माझ्याकडून इतर परीक्षकांकडे जाईल. शिलाई चांगली झाली आहे.

आपला,
ऑरिन हाल्वरसन


शिबॉयगन
१९ मार्च

लॉइड,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. डुलूथच्या पुलाचे चित्र, आणि मागे तीन शब्द: "चारही वाचल्यास तू?"

होय, चारही वाचल्या. तुझ्या प्रश्नातील सूर मला कळला, म्हणून सविस्तर उत्तर देतो. 'आपण' लिहिण्याचाही कंटाळा आला आहे.

प्रत्येक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तू लिहिले आहेस की, ही ज्याची त्यानेच वाचावी, दुसऱ्याची वाचल्यास खेळ संपला असे समजावे. ते मी वाचले होते. ती सूचना खेळाडूंसाठी आहे, परीक्षकांसाठी नाही, असा मी अर्थ लावला. आणि तो अर्थ नियमास धरून आहे. आमच्या नियमानुसार खेळावयास मेजाशी बसण्यापूर्वी परीक्षकाने खेळाचे पान न् पान वाचलेले असले पाहिजे. हा नियम कोणी आणि का केला, हे तुला ठाऊक आहे. तुझ्याच काळात एका परीक्षकाने पुस्तक न उघडता, केवळ मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनवर भाळून गुण दिले होते, आणि त्या पुस्तकात मधली सोळा पाने कोरी निघाली होती.

तू तेव्हा म्हणाला होतास, "ऑरिन, पाककृती वाचून पोट भरत नाही. खेळ पुस्तकात नसतो, मेजाभोवती असतो. जे खेळले त्यांना विचार." मी त्यावर जे उत्तर दिले होते, ते आजही देईन. केवळ खेळून न्याय करणारा माणूस खेळाचा न्याय करीत नाही, सोबतीचा करतो. चांगल्या सोबत्यांत वाईट खेळही रंगतो. आपण चौघे एकदा बीअरची झाकणे आणि आर्डिसच्या स्वयंपाकघरातले मटार प्यादी म्हणून मांडून एक अख्खी मोहीम खेळलो होतो; म्हणून मटारांना पुरस्कार द्यायचा काय? आणि सगळ्या चाहत्यांचे मत घ्यायचे, तर ज्याचा गोतावळा मोठा त्याचा खेळ मोठा. पुस्तक अनोळखी माणसाच्या हाती पडले, लेखक शेजारी नसला, तरी ते स्वतःच्या पायावर उभे राहते का, हे वाचल्यावाचून कळत नाही.

तुझ्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. म्हणूनच आपण दुसरा नियम केला होता, आणि तो तुझा होता: परीक्षकांनी प्रत्येक खेळ एकत्र बसून खेळलाच पाहिजे, न खेळलेल्या खेळास गुण नाहीत. वाचन माझे, खेळणे तुझे. तू गेलास तरी तुझा नियम मी काढला नाही. तो काढावा अशी सूचना दोनदा आली होती.

तर मी खेळणार आहे. एप्रिलमध्ये आमचे मेज लागेल. मला जे ठाऊक आहे, ते ठाऊक नसल्यासारखे वागण्याइतका संयम माझ्यापाशी आहे. चाळीस वर्षे मी वर्तमानपत्राच्या मुद्रितशोधन विभागात बसून उद्याच्या बातम्या आज वाचीत होतो आणि घरी येऊन एक अक्षर बोलत नव्हतो.

इतर चौघांनीही चारही पुस्तिका वाचल्या आहेत, हे सांगणे प्राप्त आहे. डेनी क्यूस्टरने त्या न्हाव्याच्या खुर्चीत बसून वाचल्या, आणि चौथीवर त्याचे केस आहेत. पाकूने मात्र फोन करून विचारले होते, "ऑरिन, वर लिहिलंय वाचू नका. खरंच वाचायच्या?" मी तिला नियमाचा क्रमांक सांगितला.

तिसऱ्या पुस्तिकेविषयी तू काही विचारले नाहीस, म्हणून मीही काही लिहीत नाही.

ऑरिन


शिबॉयगन
१४ एप्रिल

लॉइड,

मेज लागले. काय घडले ते तुला इतरांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे.

शनिवारी दुपारी पाकूच्या शाळेच्या ग्रंथालयात जमलो. ती तिथे ग्रंथपाल आहे. तुला ती आठवणार नाही, तू गेलास तेव्हा ती प्रेक्षकांत बसून टिपणे काढणारी विद्यार्थिनी होती. तिने आईच्या हातचे एगरोल आणले होते. डेनीने बाजारातले पाव आणि ब्रॅटवुर्स्ट सॉसेज आणले आणि वर लावायची मोहरीची चटणी विसरला. मॅनिटोवॉकची केसलर भावंडे आली. त्यांतील धाकटी सूत्रधार झाली, थोरला मदतनीस. डेनी खलाशी, पाकू बहीण. मी दीपपाल. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. पहिली पुस्तिका मी स्वतःहून उचलली.

सुरुवातीस सर्व ठीक वाटले. धाकटीने वादळाचे वर्णन छान केले. पण नंतर, लॉइड, असे झाले की प्रत्येक जण दुसऱ्याची सोय पाहू लागला. खलाशाने मदतनिसास काय विचारू नये, हे डेनीला पक्के ठाऊक होते, म्हणून तो ते विचारीत नव्हता; आणि तो विचारीत नाही हे थोरल्या केसलरला दिसत होते, म्हणून तो ते लपवीतही नव्हता. जो तो अज्ञानाचा अभिनय करीत होता, आणि कोणाचेही अज्ञान खरे नव्हते. फासे पडत होते. कोणी त्यांच्याकडे उत्सुकतेने पाहत नव्हते.

शेवटी डेनीने पाव खाली ठेवला. "मी एक बोलू का? आपण खेळत नाही आहोत. गॅदरिंगच्या तालमीला आलोय. सगळ्यांचं पाठांतर झालंय, फक्त पडदा राहिलाय."

"तू वाच ना आपला संवाद," थोरला केसलर म्हणाला.

"वाचतोय की. जहाज मी बुडवलं नाही, दिवा मी विझवला नाही, कुणी विझवला ते मला, तुला, हिला आणि ऑरिनला ठाऊक आहे. आता काय करू, दचकू?"

पाकूने खेळ थांबविला. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हा खेळ चांगला आहे, की आपण त्याचा चुराडा केला, हे मला सांगताच येत नाहीये. मग गुण कशाला देऊ?"

मी नियमांची प्रत चाळली आणि तशीच मिटली. ही गोष्ट माझ्याबाबतीत विरळा घडते, हे तू जाणतोस.

आणखी एक सांगावयाचे राहिले. ते या पत्रात नसते तरी चालले असते.

दीपपाल बर्फातून आत येतो आणि जहाज आले नाही हे सांगणार असतो, तो प्रसंग आला. मी तसा उठून दारापाशी गेलो आणि आत आलो. खेळाडूने उठावे असे तू कुठेही लिहिलेले नाही, मी उठलो. मी पाकूकडे पाहत उभा राहिलो. तिने पुस्तिकेत पाहिले आणि म्हणाली, "दादा, जहाजाचं काय झालं?"

तिचा दोष नाही. संच एकच होता, 'आधी कोट काढ' या वाक्यावर माझी लाल रेघ होती, आणि ती शिस्तीची मुलगी आहे. दुसऱ्या ठिकाणीही रेघ होती. तिसरी जागा येण्याआधी खेळ थांबला.

ते वाक्य कोणाचे आहे हे मला पहिल्या वाचनातच कळले होते. दर गुरुवारी तू आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून बुटांचा बर्फ न झटकता आत यायचास आणि गाडी बंद पडल्याची, नोकरी जाणार असल्याची, फुटबॉलमध्ये पॅकर्स हरल्याची बातमी उंबऱ्यातूनच सुरू करायचास. आणि आर्डिस शेगडीकडून मान न वळविता तुला ते सांगायची. नवऱ्यालाही, म्हणजे मलाही, सांगायची. डॉक्टरांकडचा कागद घेऊन मी आलो, त्या दिवशीही तिने मला तेच सांगितले, आणि मी कोट काढला, आणि मग सांगितले.

मी ते कळूनही खोडले. पुनरुक्ती होती म्हणून खोडले, असे मी तेव्हा मनाशी म्हणालो.

तिच्या अंत्यविधीस तू चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला होतास. मी पाहिले होते.

ऑरिन


शिबॉयगन
२६ मे

लॉइड,

तुझे पत्र आले. पुरे एक पान, आणि वाऱ्याची दिशा तू दुरुस्त केल्याचेही त्यात आहे. आभारी आहे.

तू लिहितोस की पुरस्कारासाठी तू खेळ पाठविलाच नव्हतास. "जेवायला बोलावलं असतं तर तू कारणं सांगितली असतीस. परीक्षक म्हणून मात्र तुला मेजाशी बसावंच लागलं असतं, नियमच आहे. माझा नियम. म्हणून पाठवला. वाटलं, कुणीतरी अनोळखी माणूस ते वाक्य तुझ्या तोंडावर बोलेल, आणि तुला ते येतंय हे ठाऊक नसेल." आणि पुढे: "मुखपृष्ठावर वाचू नका असं लिहिलं होतं मी, गाढवा. मोठ्या अक्षरात."

मोठ्या अक्षरात होते, हे मी नाकारीत नाही.

हे वाचून मी जे करता येण्यासारखे होते ते करावयास निघालो. त्याचा वृत्तांत देतो.

रविवारी मंडळाची बैठक झाली. मी सूचना मांडली की, 'बर्फातले दीपगृह' या खेळासाठी ज्यांनी तो वाचलेला नाही असे पाच नवे परीक्षक नेमावेत; त्यांनी आधी खेळावे, मग वाचावे, आणि मग गुण द्यावेत. मी असेही म्हणालो की, काही खेळ असे असतात की ते वाचले म्हणजे खर्च होतात, आणि अशांसाठी वाचनाचा नियम मागे आणि खेळण्याचा पुढे असावयास हवा. असे म्हणणारा मी होतो, याची मंडळास मौज वाटली. कोणी हसले नाही, पण मौज वाटली.

डेनीने नियमांची प्रत उघडली. प्रवेशिका स्वीकारल्यानंतर परीक्षक बदलता येणार नाहीत आणि वाढविताही येणार नाहीत. हे कलम तू जाण्याच्या वर्षी झाले. तुझ्या बाजूच्या लोकांनी ऐनवेळी सात परीक्षक वाढवावयाचा घाट घातला होता, तो मोडण्यासाठी मी ते एका बैठकीत लिहून संमत करून घेतले होते. त्याचा मसुदा इतका नेटका झाला आहे की त्यात शिरावयास फट नाही. मी दोन दिवस शोधली.

"तूच बांधलेली भिंत आहे बाबा," डेनी म्हणाला. "तूच डोकं आपटून बघ."

मी अपवाद मागितला. तेव्हा मिलवॉकीच्या एका स्पर्धक बाईंचे पत्र पाकूने वाचून दाखविले. त्यांना कोठून कळले देव जाणे. त्यांनी सभ्य भाषेत विचारले होते की, एका परीक्षकाच्या जुन्या मित्रासाठी नियम वाकविले जाणार असतील, तर इतरांनी कोणते मित्र करावेत? पत्रात एकही चूक नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर हेच पत्र लिहिले असते. किंबहुना अकरा वर्षांपूर्वी मी ते लिहिलेच होते.

मत घेतले गेले. माझ्या सूचनेस माझ्या एकट्याचे मत पडले. पाकूने तटस्थ राहून मान खाली घातली.

बैठकीनंतर ती माझ्यासोबत गाडीपर्यंत आली. "तुम्ही त्यांना सांगा ना," ती म्हणाली, "की आम्हाला खेळ आवडला."

"आवडला की नाही हे आपल्याला ठाऊक कुठे आहे?" मी म्हणालो. "आपण फक्त वाचला."

"ऑरिन, तुम्ही एकदा तरी खोटं बोला हो."

याच बैठकीत पुढील वर्षापासून 'दगडी फासा' सर्व चाहत्यांच्या खुल्या मतदानाने द्यावयाचा, हेही ठरले. संगणकावरून, ज्यास वाटेल त्याने. परीक्षक मंडळ या वर्षानंतर राहणार नाही. म्हणजे तुझा खेळ या वर्षी तोलला गेला नाही, तर पुढे कधीच तोलला जाणार नाही. हाताने शिवलेल्या एका संचास मते कोण देणार? अखेर तुझे म्हणणे खरे ठरले, आणि ठरले ते नेमके तुझ्याच खेळाच्या मुळावर. यात मला आनंद नाही. अकरा वर्षांपूर्वी झाला असता.

निकालपत्रकात तुझ्या खेळापुढे 'न खेळलेला' असे लिहिले जाईल. त्या शब्दाऐवजी दुसरा शब्द सुचतो का, हे मी पुष्कळ पाहिले. वस्तुस्थितीस धरून दुसरा शब्द नाही.

मी आणखी काय करावे, हे मला कळत नाही. वाचलेले न वाचलेले करता येत नाही. पहाटे उठल्यावर मी कधी कधी मनात तिसरी पुस्तिका विसरण्याचा प्रयत्न करतो, आणि ती आणखी पाठ होते.

पाकू म्हणते की ऑगस्टच्या मेळाव्यात हा खेळ स्पर्धेबाहेर, कोणालाही बसता येईल अशा मेजावर ठेवू. तू कोरा संच पाठवशील का? माझ्या रेघा नसलेला.

ऑरिन


शिबॉयगन
१७ ऑगस्ट

प्रिय लॉइड,

तू आला नाहीस. संच आला, त्याबरोबर चिठ्ठी आली: "मी येऊन काय करू? मला सगळंच ठाऊक आहे, लिहिलंय मी. तुलाही सगळं ठाऊक आहे, वाचलंस तू. जगात दोनच माणसं हा खेळ कधी खेळू शकणार नाहीत, आणि ती दोघं एकमेकांना पत्रं लिहीत बसलीत." तुझ्या मोजणीत पाकू, डेनी आणि केसलर भावंडे राहिली. पण ते सोडून देतो.

मेळावा नेहमीप्रमाणे नदीकाठच्या हॉटेलात भरला. तुझे मेज सभागृहाच्या कोपऱ्यातल्या, घडीच्या लाकडी भिंतीआडच्या लहान खोलीत होते. पाकू सूत्रधार झाली. मी आत एका बाजूस खुर्ची घेऊन बसणार होतो, एक अक्षर बोलणार नव्हतो. डेनीने मला दंडाला धरून बाहेर काढले.

"तुझा चेहरा म्हणजे उत्तरपत्रिका आहे," तो म्हणाला. "मांडीवर उत्तरपत्रिका उघडी ठेवून परीक्षा घेतात का? बाहेर बस."

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी भिंतीबाहेर बसलो. डेनीने मला लिंबू सरबत आणून दिले, आणि मग तोही शेजारी बसला, कारण त्यानेही सगळे वाचलेलेच होते. भिंतीच्या दोन घड्या नीट मिळत नाहीत, त्यांतून मेजाचे एक टोक दिसत होते.

चौघे खेळाडू एकमेकांचे अनोळखी होते. बहिणीची पुस्तिका फाँड द्यू लॅकच्या एका बाईंकडे गेली. त्या शाळेची बस चालवितात. आवाज घोगरा, आर्डिसच्या आवाजाशी त्याचे काही नाते नाही. दीपपाल एक अवाढव्य तरुण होता, त्याच्या दाढीत चीजचे तुकडे अडकलेले होते. मनात आले की हे काही व्हावयाचे नाही.

दीपपाल बर्फातून आत आला. तो बसूनच आला. आणि बाई त्याच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "आधी कोट काढ, मग वाईट बातमी सांग."

सगळे हसले. मोकळेपणी, खदखदून हसले. मला राग आला, लॉइड. ते हसण्याचे वाक्य नव्हते. मग आठवले की तूही दर वेळी हसायचास. तीही हसायची.

दुसऱ्यांदा खलाशाच्या बाबतीत ते वाक्य आले, तेव्हा एकटा थोडेसे हसला आणि थांबला. ते हसू का थांबले, हे मला बाहेरून कळले नाही. आत काहीतरी झाले होते, ते पुस्तिकेत नाही. मी चारही पुस्तिका पुन्हा मनात चाळून पाहिल्या; ते कोणत्याही पानावर नाही.

तिसऱ्या वेळेस दीपपाल तिला सांगावयास येतो की दिवा कोणी विझू दिला. त्या तरुणाला, तो काय ऐकणार आहे, हे खरोखर ठाऊक नव्हते. तो उठून उभा राहिला. तोंड उघडले. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि ते वाक्य अगदी हळू म्हटले.

कोणी हसले नाही. आणि तो एवढा मोठा माणूस, बाहेर ऑगस्टचा उकाडा, अंगात नुसता शर्ट, दोन्ही हातांनी नसलेल्या कोटाची बटणे एकेक करून काढू लागला. शेवटचे बटण त्याला लवकर निघेना. मग त्याने तो कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाईंना सांगितले.

डेनी माझ्याकडे बघत नव्हता. तो त्याच्या बुटांकडे बघत होता. "सरबत पी," तो म्हणाला, "गरम होतंय."

दुपारी निकाल जाहीर झाला. फासा मिलवॉकीच्या त्या बाईंना मिळाला. त्यांचा खेळ प्रामाणिक आहे, मजकूर स्वच्छ आहे, आणि मी त्यास माझे सर्वाधिक गुण दिले, कारण जे वाचले आणि खेळले त्यांत तो सर्वोत्तम होता. पत्रकात तुझ्या खेळापुढे 'न खेळलेला' असेच छापून आले. छापील प्रत माझ्या हातात होती, आणि भिंतीआडून ते चौघे अजून बोलत होते, खेळ संपल्यावरही. मी पेन्सिल काढली. पण पत्रक वाटून झाले होते, आणि नियमही तोच होता.

पाकूने मला विचारले की, आता मंडळ नाही, पण पुढच्या लोकांसाठी, न्याय कसा करावा याविषयी दोन ओळी लिहून देणार का? मी घरी येऊन बसलो. न वाचता न्याय करू नये, असे लिहिले आणि खोडले. न खेळता करू नये, असे लिहिले. ते खोडले नाही, पण त्यापुढे मला काही लिहिता आले नाही. कागद तसाच आहे. तुझ्याकडे पाठविला तर तू पूर्ण करशील काय? तुझे वाक्य मी दुरुस्त करणार नाही. निदान पाठविण्यापूर्वी करणार नाही.

डुलूथला येण्याविषयी तू विचारले आहेस. माझे डोळे आता एवढा प्रवास गाडी चालवून करू देत नाहीत. डेनी नेईन म्हणतो. तो मोहरी विसरतो तसा रस्ताही विसरतो. पाहू. येऊन तरी आपण खेळणार काय, हा प्रश्न आहेच. ज्या खेळातले आपल्याला काही ठाऊक नाही, असा एखादा तुझ्याकडे असल्यास तो उघडू नकोस.

मार्चमधील माझ्या दुरुस्तीपत्रिकेपैकी वारा, मदतनिसाचे वय आणि फाशांची सूचना या दुरुस्त्या कायम आहेत. तिसऱ्या पुस्तिकेतील दुरुस्ती मी मागे घेत आहे. ते वाक्य तिन्ही ठिकाणी असू दे.

तुझा,
ऑरिन